नाकाचं ऑपरेशन आणि घरचे पंधरा दिवस

"ऑपरेशन नाकाचं झालंय, हातापायांना काय धाड भरलीय?" असं माझी धाकटी जाऊ स्वतःच म्हणाली आणि पाचव्या दिवशी बादली उचलून फरशी पुसायला बसली. कामवाली आली नव्हती एवढंच निमित्त! खाली वाकली मात्र, टपटप रक्त पडू लागलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा नाकात बोळे आणि विश्रांती पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या नाकातला पडदा वाकडा होता. वर्षानुवर्षं तोंड उघडं ठेवून झोपायची. ऑपरेशन छान झालं, दुसऱ्या दिवशी घरी आली. बाहेरून ना टाका, ना पट्टी. इथेच सगळ्या फसतात. जखम दिसत नाही म्हणून घराला वाटतं बरी झाली, आणि तिलाही तसंच वाटतं. पण आत जखम ओलीच असते. वाकलं, जड उचललं, कुंथलं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि ती पुन्हा वाहू लागते.

बोळे घातले असतील तर ते बहुधा एकदोन दिवसांत काढतात. तोवर तोंडानंच श्वास. घसा कोरडा पडतो, गिळताना कानात दडे बसतात, घाबरू नका. घोटघोट पाणी प्या, ओठांना व्हॅसलिन लावा. डोक्याखाली दोनतीन उशा घेऊन निजा, म्हणजे सूज कमी राहते. चहा कोमट प्या, मऊ भात, मुगाची खिचडी खा. पोट साफ राहील असं बघा.

बोळे निघाले तरी नाक चोंदलेलंच वाटतं. "एवढं करून उपयोग काय झाला?" असं वाटून रडू येतं. अहो, ती आतली सूज आणि खपल्या! मोकळं वाटायला काही आठवडे लागतात. तोवर नाक शिंकरायचं नाही, बोट घालून खपल्या काढायच्या नाहीत. शिंक आलीच तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून शिंका. म्हणूनच मिरचीची फोडणी आणि माळ्यावरची धूळ हे दोन्ही दुसऱ्या कोणावर सोपवा.

डॉक्टर मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतात. ते कधी सुरू करायचं आणि मीठ किती, हे त्यांनाच विचारा. औषधाच्या दुकानात तयार पुड्याही मिळतात. पाणी मात्र नळाचं तसंच घेऊ नका. चांगलं उकळून कोमट केलेलंच घ्या. सासूबाई मायेनं नाकात तूप सोडू म्हणतील, वाफारा घे म्हणतील. "डॉक्टरांना विचारते हं," म्हणून गोड शब्दांत थोपवा. डोकं दुखलं म्हणून घरातली ॲस्पिरिनची गोळीही घेऊ नका. तिनं रक्तस्राव वाढतो.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. काही दिवस वास येत नाही. दूध नासलं, डाळ करपली, कळत नाही. ते चालेल एक वेळ, पण गॅसचं काय? स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तो वासच तुम्हाला येणार नाही! तेव्हा रात्री रेग्युलेटर बंद केला की नाही हे दुसऱ्या कोणीतरी बघायचं, आणि सकाळी आधी खिडकी उघडून, वास येणाऱ्या माणसानंच शेगडी पेटवायची.

पहिले दोनतीन दिवस गुलाबीसर पाणी झिरपलं तर हरकत नाही, फडकं धरा. लाल रक्त वाहू लागलं तर आडवं होऊ नका. बसून पुढे झुका, तोंडात आलेलं रक्त गिळू नका, थुंका. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठा. ताप, घाण वासाचा स्राव, नाकातून सतत गळणारं स्वच्छ पाणी, नजरेत फरक, मान आखडणं, यांपैकी काहीही दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

आता कामांचं. केर, फरशी, धुणं, पाण्याची बादली, कडेवरचं मूल, यांना निदान दोन आठवडे सुट्टी. पुढचं डॉक्टर सांगतील तसं. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी यजमानांना आणि मुलांना समोर बसवा आणि कोणतं काम कोण करणार, हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. नंतर सांगायला संकोच वाटतो आणि आपणच उठतो. जावेच्या घरी दुसऱ्या खेपेला तो कागद लागला. भाऊजींची पोळी भारताच्या नकाशासारखी व्हायची, पण कोणी उपाशी राहिलं नाही.

आता ती तोंड मिटून शांत झोपते. परवा म्हणाली, "ताई, कोथिंबिरीचा वास आला हो!" त्या वासासाठी पंधरा दिवस फरशी पुसली नाही म्हणून काय बिघडलं, सांगा बरं?