अंतर मोजायचे, पण कोणत्या मापाने?

विद्यार्थी मित्रांनो, ‘अ’पासून ‘ब’पर्यंत जितके अंतर तितकेच ‘ब’पासून ‘अ’पर्यंत, हे तुम्ही न विचारताच मान्य करता. फूटपट्टीपुरते ते खरे आहे. पण अंतर वेळात मोजले तर? संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ५ किमी आणि प्रवाहाचा ३ किमी असेल, तर प्रवाहाबरोबर ८ किमी जायला १ तास पुरतो. परत यायला मात्र ४ तास!

हे उदाहरण तुमच्या बीजगणितात असतेच. तेथे समीकरण सुटले की गुण मिळतात आणि विषय संपतो. माझ्या मते ते भूमितीच्या तासाला घ्यावे. कागदावर होडीचा बिंदू मांडा आणि एका तासात ती कोठकोठे पोचेल ते काढा. संथ पाण्यात ५ किमी त्रिज्येचे वर्तुळ येईल. वाहत्या पाण्यातही वर्तुळ तेवढेच, पण सबंध ३ किमी खाली सरकलेले. म्हणजे त्यावरचे सर्व बिंदू होडीपासून ‘सारख्या अंतरावर’, आणि होडी मात्र केंद्रात नाही! (थेट पैलतीराकडे तासाला ४ किमीच होतात, का, ते पायथागोरसला विचारा.)

रीमान यांनी १८५४ साली गटिंगेनच्या व्याख्यानात वक्राची लांबी इवल्या इवल्या पावलांच्या बेरजेने मोजण्याची रीत मांडली. जागा बदलली की पावलाचे माप बदलू शकते. पण त्यांनी भर दिला तो पायथागोरसच्या धर्तीच्या वर्गांच्या सूत्रावर, आणि त्यात पाऊल उलट टाकले तरी माप तेच. इतर सूत्रे शक्य आहेत एवढे सांगून त्यांनी ती वाट सोडली. पॉल फिन्सलर यांनी १९१८च्या प्रबंधात ती धरली. येथे माप दिशेवरही अवलंबून असते. पुढे झर्मेलो यांनी १९३१ मध्ये वाऱ्यातून लवकरात लवकर पोचण्याचा मार्ग शोधला, तर मात्सुमोतो यांनी १९८९ मध्ये डोंगरउताराचा विचार केला. चढाला वेळ जास्त, उताराला कमी. ही भूमिती तुमच्या पायांना ठाऊकच आहे.

फिन्सलर नववीत शिकवा, असे मी म्हणत नाही. पण ‘सरळ रेषा ही सर्वांत जवळची वाट’ या वाक्यावर एखाद्याने ‘कोणत्या मापाने?’ असे विचारले, तर शिक्षकांनी तो आगाऊपणा समजू नये. त्या प्रश्नासाठी पाच मिनिटे खुशाल खर्च करावीत.

आणि तुम्ही प्रवाहाचा वेग ताशी ६ किमी धरून तीच आकृती पुन्हा काढा. आता होडीचा बिंदू वर्तुळाच्या बाहेर पडतो. नावाड्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय?