पाणी पास, मासा नापास



नदीचे पाणी तपासले, ते मर्यादेत आहे, असा कागद हातात ठेवला की साहेबांच्या लेखी विषय संपतो. आमच्या लेखी तो तिथून सुरू होतो. काही विषे अशी आहेत की पाण्यात ती जेमतेम सापडतात आणि त्याच पाण्यातल्या माशात मात्र ठासून भरलेली असतात.

फ्लोरिनयुक्त रसायनांचे हे एक मोठे घराणे आहे. शास्त्रज्ञ त्याला पीएफएएस म्हणतात. तव्याला भाजी चिकटू नये, कापड भिजू नये, तेलाची आग फेसाने विझावी, यासाठी ती वापरात आली. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी पक्की की ऊन, पाऊस, जमिनीतले जिवाणू, कोणालाच ती सुटत नाही. पाणी उकळले तरी ती तशीच राहतात.

कृषी महाविद्यालयात आम्ही डीडीटीचा हिशेब शिकलो. ते चरबीत विरघळते, चरबीत साठते. फ्लोरिनचा धडा तेव्हा पुस्तकात नव्हता. ही रसायने चरबीपेक्षा रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. तळाच्या गाळातून ती अळ्या-किड्यांत जातात, तिथून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात. माशाला निदान कल्ले आहेत. त्यातून थोडेफार तो पाण्यात परत सोडतो. पण माशावर जगणारे पाणमांजर, बगळा आणि माणूस हवेत श्वास घेतात. त्यांना ती वाट नाही. या घराण्यातल्या पीएफओएस नावाच्या रसायनाचा अर्धा साठा माणसाच्या अंगातून जायलाच सुमारे 5 वर्षे लागतात. रोजची भर पडत राहिली तर पोते रिकामे होणार कधी?

2001 साली अमेरिकेतल्या जॉन गीझी आणि मूळचे तमिळनाडूचे कुरुंथाचलम कण्णन यांनी जगभरच्या प्राण्यांचे नमुने तपासून निष्कर्ष छापले. मासे, गरुड, सील, इतकेच काय, जिथे कारखान्याचे नाव नाही त्या उत्तर ध्रुवाकडच्या अस्वलांतही पीएफओएस निघाले. अमेरिकेत 2024 साली पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओएसची मर्यादा ठरली ती एक लाख कोटी भागांत 4 भाग. आणि 2023 साली तिथल्या नद्या-तलावांतल्या मासळीचा हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसले की असा एक मासा खाणे म्हणजे 48 भाग पीएफओएस असलेले पाणी महिनाभर पिणे. पाण्याचा कागद दाखवणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

हे दूरदेशीचे, असे कोणी म्हणेल. इटलीत व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो येथे मिटेनी नावाचा कारखाना होता. त्याने भूजल नासवले, साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचे पाणी गेले. 2018 साली दिवाळे निघाले. 2025 साली व्हिचेन्झाच्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना कैदेच्या शिक्षा दिल्या. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री 2019 साली लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आली रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला. म्हणजे तिकडे ज्याचा खटला चालला, त्याचे सामान इकडे उद्योग म्हणून उतरले. त्याच्याखाली दाभोळची खाडी आहे. तिथले भोई मेलेल्या मासळीच्या तक्रारी घेऊन कित्येक वर्षे दारोदार फिरत आहेत. त्या मासळीचा दोष या रसायनांवर आम्ही टाकत नाही. ती तक्रार त्याहून जुनी आहे. पण मेलेली मासळी निदान डोळ्यांना दिसते. हे विष घेऊन मासा जिवंत पोहत राहतो, बाजारात येतो, ताटात येतो.

2020 साली केंद्र सरकारने स्टॉकहोम कराराखालच्या सात रसायनांवरच्या बंदीला मान्यता दिली. 2009 पासून त्या करारात असलेले पीएफओएस त्या सातांत नव्हते.

आता कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने यात का पडावे? गाळासाठी. पाझर तलावाचा गाळ शेतात टाकायला आम्हीच सांगतो, आणि सांगत राहू. ती आपल्याच शिवाराची वाहून गेलेली माती आहे. शहराच्या सांडपाणी केंद्रातला मळी-गाळ ही वेगळी चीज. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतकऱ्यांनी तो स्वस्त खत म्हणून वर्षानुवर्षे घेतला. पुढे दुधात पीएफओएस निघाले, गोठे बंद पडले, आणि 2022 साली राज्याने तो गाळ शेतात टाकण्यावरच बंदी घातली. गाळ फुकट मिळाला होता, जमीन मात्र गेली.

म्हणून ज्या गावांत असा गाळ भरलेल्या गाड्या येतात, तिथल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणाव्यात: गाडी कुठून आली, किती ट्रिपा पडल्या, आणि देणाऱ्याने फ्लोरिनयुक्त रसायनांच्या तपासणीचा कागद दिला की नाही. कागद नसेल तर गाडी बांधावरूनच परत लावा. आणि उतारावर शेततळे किंवा पाझर तलाव असेल, त्यात रोहू-कटला सोडला असेल, तर तेही लिहा. त्या तळ्यातला मासा तपासायची मागणी आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे करणार आहोत, नुसत्या पाण्याची नाही.