मांजर ओरडवून झालं, आता पंपाचं औषध मोजा



आजची नोंद पिकाची नाही, पण वावराबाहेरचीही नाही. पोरांना मोबाईल ॲप बनवायला शिकवणारे वर्ग आता तालुक्याच्या गावी सुरू झालेत. टाईप करून कोड लिहायचा नाही, पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे आणि ॲप तयार. आमच्या वस्तीवरची सहा-सात पोरं रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर हेच करत बसतात, दोन लॅपटॉपांत भागवून. त्यांचं बघून माझं एक मत पक्कं झालंय, ते इथं मांडतो. नवशिक्याचं पहिलं खरं ॲप असं पाहिजे की ज्याचं उत्तर त्याला कागदावर आधीच येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या साधनाचं नाव ॲप इन्व्हेंटर. 2010 साली गुगलनं ते आणलं, त्यामागं एमआयटीचे प्राध्यापक हॅल अबेलसन होते. 2012 पासून एमआयटीच ते चालवते. फुकट आहे, ब्राऊझरमध्येच चालतं. एका पानावर बटणं, रकाने, चित्रं मांडायची, दुसऱ्या पानावर ठोकळे जोडायचे. ‘हे बटण दाबलं की हे कर’, ‘असं असेल तर तसं कर’, बेरीज, भागाकार, सगळ्याला ठोकळा. फोनवर त्यांचं कम्पॅनियन ॲप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की बनवतोय ते लगेच हातात दिसतं. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवायचे, एवढं सांभाळा.

आता बहुतेक वर्गांत पहिला धडा मांजराचा असतो. फोटोवर बोट ठेवलं की मांजर ओरडतं. तो त्यांचा मूळचाच धडा आहे आणि वाईट मुळीच नाही. पोरं हसतात, वीस मिनिटांत ‘मला येतं’ असं वाटतं. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. मांजरानंतर ढोल, ढोलानंतर चेंडूचा खेळ, आणि प्रत्येक वेळी सरांच्या कागदावर छापलंय तसेच ठोकळे जोडायचे. शेवटी पोराकडं दहा ॲप असतात आणि त्यातलं एकही चुकलं तर का चुकलं ते त्याला सांगता येत नाही. कारण बरोबर म्हणजे काय, हे फक्त सरांच्या कागदाला माहीत.

ठोकळ्यांचा मोठा फायदा असा की न जुळणारा ठोकळा बसतच नाही. नटाला आटे जुळले नाहीत तर बोल्ट आत जात नाही ना, तसंच. टाईप करून लिहिताना एक कंस विसरला तरी सगळं अडतं, ती कटकट इथं नाही. पण आटे जुळले म्हणजे बोल्ट योग्य जागी लागला असं थोडंच आहे? चुकीचा हिशोबही ठोकळ्यात अगदी गुळगुळीत बसतो.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. पोरांनी फवारणीचं ॲप करायला घेतलं. औषधाच्या लेबलवर 500 मिली लिहिलेलं. एकराला पाणी 200 लिटर, पंप 16 लिटरचा, म्हणजे साडेबारा पंप. 500 भागिले 12.5, उत्तर 40. ॲपनं न अडखळता दाखवलं, ‘एका पंपाला 40 मिली’. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एक नववीतली पोर मात्र गप्प. तिच्या घरची फवारणीची वही तीच लिहिते. म्हणाली, “काका, हे चाळीस कसं? आमच्या वहीत याच औषधाला सोळा असतं.”

मी काही बोललो नाही. पोरांनी लेबल परत वाचलं. 500 मिली हे हेक्टरचं माप होतं! हेक्टर म्हणजे 2.47 एकर. तेवढ्यानं भागलं तेव्हा उत्तर आलं 16.19433. अडीचपट औषधाची चूक, आणि ती ठोकळ्यांनी पकडली नाही, वहीनं पकडली. अडीचपट औषध म्हणजे पानं करपणार, माल नेताना औषधाचा अंश राहणार, खिशातले पैसे जाणार ते वेगळेच. आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर काय उडतं ते तर विचारूच नका.

पुढचा अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटला. कुठल्या झाकणानं 16.19433 मोजायचं? मग दशांश कापायचा ठोकळा शोधला. साडेबारा पंपाचं काय करायचं यावर तर भांडणच लागलं. गणिताच्या निळ्या ठोकळ्यांत वरच्या पूर्ण आकड्याला नेणारा एक आहे, खालच्या आकड्याला आणणारा एक आहे. खाली आणलं तर बांधाकडच्या सऱ्या कोरड्या राहतात. वर नेऊन तेरा पंप भरून मारले तर औषध जास्त जातं. शेवटी त्यांनी ‘12 पंप पूर्ण, शेवटचा अर्धा: 8 लिटर पाण्याला 8 मिली’ असं दाखवायचं ठरवलं. कुठल्याही छापील धड्यात हे नाही. ज्यानं अर्धा पंप बघितलाय त्यालाच हे सुचतं.

रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं तेव्हा लाल चूक आली. रकान्यात फक्त आकडेच घेता येतील अशी खूण करता येते, पण रिकाम्याला ती अडवत नाही. ‘हा आकडा आहे का’ असं आधी विचारणारा ठोकळा लावावा लागतो. हेही पोरांना पटलं, कारण घाईत आपला बापच रकाना रिकामा ठेवणार हे त्यांना ठाऊक!

दुधाच्या ॲपचंही असंच. फोनमध्ये माहिती साठवायला टायनीडीबी म्हणून एक सोय आहे, नेटशिवाय चालते, म्हणून आपल्या भागात कामाची. माहितीला एक नाव देऊन ठेवायची. एका पोरानं ‘दूध’ या नावानं सकाळचे लिटर साठवले, संध्याकाळी त्याच नावानं परत साठवले, आणि सकाळचे पुसले गेले. डेअरीच्या कार्डावर दोन आकडे, ॲपमध्ये एक. कार्ड समोर होतं म्हणून दिसलं. मग तारीख आणि वेळ धरून नाव द्यायचं ठरलं. आणि ॲप फोनमधून काढलं की टायनीडीबीतलं सगळं जातं, हे लक्षात आल्यावर मी सांगून टाकलंय, कार्ड फेकायचं नाही.

मुंबईत धारावीच्या मुलींनी याच साधनावर ॲप केली. एक पाणी भरायच्या रांगेचं होतं, एक संकटात मदत मागायचं. त्या मुलींचं कौतुक पुष्कळ झालं, ते योग्यच. मला त्यातलं एवढंच दाखवायचंय की नळावरची रांग कशी असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ॲप खोटं बोललं असतं तर पहिल्यांदा त्यांनाच कळलं असतं.

काही जण म्हणतील, आता एआयला सांगितलं की आयतं ॲप मिळतं, ठोकळे कशाला जोडत बसायचे? मिळतं की. त्यालाही ‘500 मिली’ एवढंच सांगितलं तर हेक्टर की एकर हे कोण बघणार? आणि औषधं सुचवणारी जी तयार ॲप आपण डोळे झाकून वापरतो, त्यांच्या आत काय भागिलं, काय गुणलं हे आपल्याला दिसत नाही. आमच्या पोरांचं ॲप दिसायला ओबडधोबड आहे, पण 2.47 कुठं बसलाय ते नववीतली पोर बोट ठेवून दाखवते.

पोराला अशा वर्गाला घालणार असाल तर फी विचारायच्या आधी एवढं विचारा, आमच्या घरचा हिशोब घेऊन बसू देणार का? ‘आठ दिवसांत ॲप डेव्हलपर’ असा बोर्ड लावणाऱ्या एकानं मला उत्तर दिलं, आमचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. मी पोरांना ओट्यावरच बसवलं.

परवाच्या रविवारी मजुरांची हजेरी घेतोय. अर्धा दिवस, खाडा, उचल, सगळं त्यात येणार. जुनी वही काढून ठेवलीय, गेल्या तोडणीचा हिशोब मजुरांशी बसून मिटवलेला आहे, त्याच आकड्यांवर ॲप तपासायचं. उचल वजा करायची ती आठवड्याला की शेवटी, यावर पोरांत आत्ताच दोन तट पडलेत.