फरशी कोणासाठी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरची फरशी बदलायचे ठरले आणि घरातल्या प्रत्येकाला मत फुटले. वडिलांनी घातलेली जुनी शहाबादी काळवंडली होती, सांधे उघडे पडले होते. माझे म्हणणे एकच. मुले शिकून पुण्या-बेंगळूरला जाणार, पुढेमागे घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक दारातच फरशी बघते. म्हणून पांढरी, आरशासारखी चकचकीत व्हिट्रिफाईड टाईल घातली. हॉलपासून थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत.

सासूबाई गोकाकच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नेल जारतैती." मी हसण्यावारी नेले. जूनच्या पावसात ओल्या पायाने आत येताना त्या घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर असेपर्यंत त्यांना दुसऱ्याच्या हातून जेवावे लागले. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच मला जास्त लागले.

त्यानंतर जे शिकलो ते सांगतो. व्हिट्रिफाईड टाईल वाईट नाही. ती पाणी अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही, त्यामुळे डाग मुरत नाहीत. शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर या दगडांत चुना असतो. लिंबू किंवा चिंच सांडून राहिली की त्यांची झिलई जाते. व्हिट्रिफाईडला ती भीती नाही. पण गुळगुळीत टाईलवर पाणी पडले की पाय ठरत नाही. म्हणून हॉल व खोल्यांत पॉलिशची टाईल घाला. न्हाणीघर, स्वयंपाकघर, व्हरांडा आणि पायऱ्यांना खरखरीत मॅट टाईल किंवा घासून गुळगुळीत न केलेला दगडच बरा.

विक्रीचे म्हणाल, तर आपल्याकडे गिऱ्हाईक आधी जागा, पाणी आणि उतारा बघते. महागड्या संगमरवराचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही. मात्र पोकळ वाजणारी टाईल, तडे आणि न्हाणीघरातला चुकलेला उतार दिसला की भाव पाडायला कारण मिळते. तेव्हा पैसे खालच्या भरावावर आणि चांगल्या गवंड्यावर खर्च करा. रंग फिकट पण पांढराशुभ्र नको. आपली तांबडी माती त्यावर लगेच उठून दिसते. खोक्यावरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते बघून घ्या आणि एक खोके जास्तीचे ठेवा. काही वर्षांनी ती छटा मिळत नाही.

न्हाणीघरापुढची टाईल आम्ही उखडून मॅट घातली. खर्च दोनदा झाला. मागच्या पडवीत वडिलांची शहाबादी अजून तशीच आहे. सासूबाई दुपारी तिथेच बसून भाजी निवडतात. उद्या घर घेणाऱ्याच्या घरातही एखादी म्हातारी असेलच की!