‘आई’ सापडत नाही
सदर : संगणकाशी गप्पा



मागच्या महिन्यात पासवर्डबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी. या वेळी आपल्याच संकेतस्थळाची कुरबुर सांगायची आहे, कारण गेले दोन महिने रविवार दुपारची झोप सोडून मी तिच्यातच अडकलो होतो.

सुरुवात एका फोनने झाली. माहेर बडोद्याचं, आता मुक्काम इंदूरला, अशा एका वाचक ताईंचा फोन. त्यांच्या मावशीने आपल्या अंकात खूप वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. वाड्यातली विहीर, पहाटे पाणी शेंदणारी आई, असं काहीसं. मावशी यंदा गेल्या. ताईंना तो लेख दिवसकार्याच्या वेळी वाचून दाखवायचा होता. त्यांनी आपल्या शोधाच्या चौकटीत ‘आई’ लिहिलं, ‘विहीर’ लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर एकच : ‘काहीही सापडले नाही.’ मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही तो काढून टाकलात का हो?”

काढला नव्हता. पण हे खात्रीने सांगायला माझ्याकडे तरी दुसरं काय साधन होतं? चौकट तीच.

आपलं संकेतस्थळ केकपीएचपी नावाच्या चौकटीवर उभं आहे, तेही तिच्या जुन्या आवृत्तीवर. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीचं एक ‘मॉडेल’ असतं. मॉडेल म्हणजे एका वहीचा कारभारी समजा. लेखांची वही वेगळी, पाककृतींची वेगळी, श्रद्धांजलींची वेगळी, सभासदांची वेगळी. आत काही लिहायचं किंवा वाचायचं, तर त्या कारभाऱ्याला विचारूनच. आपली शोधाची चौकट फक्त लेखांच्या कारभाऱ्याला विचारत होती आणि तोही फक्त शीर्षकं बघत होता. मावशींच्या लेखाच्या शीर्षकात ना आई होती, ना विहीर.

मग लेखाच्या मजकुरातही शोध, असा सरळ बदल का नाही केला? करून बघितला. त्यात डेटाबेस प्रत्येक लेख पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत बसतो. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तक शोधायला कोणी एकेक कपाट उपसत नाही. आधी सूची बघतात. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं, ते अशीच शिस्त लावायला. मजकुराचीही तशीच सूची करता येते : कोणता शब्द कोणकोणत्या लेखात आहे, याची यादी आधीच तयार ठेवायची. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय आहे, आणि एका ओळीच्या आज्ञेत ती चालू होते.

मी ती ओळ लिहिली, चहा केला आणि ‘बडोदे’ शोधलं. शून्य निकाल!

बडोद्याच्या मंडळाच्या अंकात बडोदे नाही? चहा गार झाला तेव्हा कारण सापडलं. आपले तक्ते जुन्या ‘मायआयसॅम’ पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीत साध्या शोधाचा नियम असा, की जो शब्द निम्म्या किंवा त्याहून जास्त नोंदींमध्ये आहे तो निरुपयोगी समजून सोडून द्यायचा. आपल्याकडे जवळपास प्रत्येक लेखाखाली लेखकाचं नाव आणि पुढे ‘बडोदे’ असतं. झालं. हा नियम टाळायला शोधाचा दुसरा प्रकार आहे, त्याला बूलियन म्हणतात. तो वापरला आणि बडोदे परत आलं. मात्र त्यात निकालांचा क्रम आपला आपण लावावा लागतो.

आता ‘आई’. पुन्हा शून्य. ‘आजी’, शून्य. ‘बाबा’, भरपूर. ‘काका’, ‘मामा’, भरपूर! क्षणभर वाटलं, यंत्रातही पुरुषप्रधान संस्कृती शिरली की काय. पण दोष मोजणीचा होता. चार अक्षरांपेक्षा लहान शब्द सूचीत घ्यायचाच नाही, असा या पद्धतीचा मूळ ठराव आहे. इंग्रजीतले बारीकसारीक शब्द गाळायला तो ठीक. मराठीत मात्र यंत्र काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतं. ‘बाबा’ म्हणजे ब, काना, ब, काना : चार, पास. ‘आजी’ म्हणजे आ, ज, वेलांटी : तीन, नापास. ‘आई’ तर दोनच. घर, शेत, नदी, सण हे सगळे बाहेर. कौटुंबिक मासिकात यापलीकडे उरतं काय?

ही मर्यादा बदलता येते, पण ती सगळ्या सर्व्हरची मिळून एक असते. आपण जागा भाड्याने घेतली आहे, सर्व्हर आपला नाही, त्यामुळे तिथे हात लावायची सोय नाही. (२०१३ च्या ५.६ आवृत्तीपासून ‘इनोडीबी’ तक्त्यांनाही ही सूची करता येते. तिथे निम्म्याचा नियम नाही आणि मर्यादा तीनची आहे. आपल्या जागेवर ती आवृत्ती नाही. शिवाय तीन म्हटलं तरी आई बाहेरच.)

म्हणून एक गावठी उपाय केला. शोधासाठी वेगळा तक्ता काढला. त्यात लेख, पाककृती, श्रद्धांजली सगळ्यांचा मजकूर एका रकान्यात येतो, आणि तिथे प्रत्येक शब्दापुढे ‘झझ’ चिकटवतो. ‘आई’ची ‘झझआई’ झाली, चार अक्षरं, पास. तुम्ही चौकटीत ‘आई’ लिहिलंत की आम्ही गुपचूप ‘झझआई’ शोधतो. हा रकाना कोणाला दिसत नाही, तेव्हा हसायचं कारण नाही.

पुढची अडचण आपल्या व्याकरणाची. विहीर, विहिरीत, विहिरीवर, मूल, मुलाला, फूल, फुलांचा. शब्दाच्या शेवटी ‘पुढे काहीही चालेल’ अशी खूण करता येते, पण मूळ शब्दच आतून बदलला तर ती खूण काय करणार? मग शोधाच्या रकान्यातून ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच काढला, सगळं ऱ्हस्व. जुन्या वळणाचे ‘नांव’, ‘बडोदें’ हेही लेखांत आहेत, म्हणून अनुस्वार काढले. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, पडद्यावर तंतोतंत सारखा आणि पोटात निराळा, तेही एक केलं. आमच्या शुद्धलेखनवाल्या काकूंनी ऐकलं तर जेवायला बोलावणार नाहीत, पण मूळ लेखाला धक्का नाही, सगळी मोडतोड फक्त सूचीत.

प्रत्यय तोडायचाही मोह झाला. ‘त’ तोडला तर ‘घरात’चं घर मिळतं खरं, पण ‘भात’चा ‘भा’ होतो आणि पाककृतींचा विभाग कोसळतो. तेव्हा फक्त ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पर्यंत’ असे लांब तोडले. ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ जुळावं म्हणून शेवटचा स्वर सोडून शोधतो, त्यामुळे पुणे शोधलं की पुण्यही मिळतं. पुणेकरांना यात चूक दिसणार नाही. ‘आई’ शोधल्यावर सीताफळाचं आईस्क्रीम मात्र वर येत होतं. मग नेमका तोच शब्द असलेले लेख आधी, असा क्रम लावला.

एक चूक वेळेत सापडली, ती सांगतो. पहिल्या दिवशी उत्साहात मी सगळे रकाने सूचीत ओतले. चाचणीला ‘लांब’ हा शब्द टाकला, तर निकालात संपादकांचा खासगी शेरा : ‘कविता बरी आहे, पण फार लांब.’ खाली कवींचं नाव! सभासदांचे फोन नंबरही तसेच उघडे पडले असते. कोपऱ्यात पडलेली गोष्ट शोधामुळे चव्हाट्यावर येते. आता कोणत्या वहीतले कोणते रकाने सूचीत जातील ते प्रत्येक मॉडेलमध्ये नावानिशी लिहिलं आहे, आणि सभासदांची वही पूर्ण बाहेर आहे. लेख साठवला की सूचीही बदलते, लेख काढला की सूचीतूनही जातो, हे काम त्या कारभाऱ्याकडेच दिलं. कोणी त्याला वळसा घालून एकदम शंभर नोंदी बदलल्या तर त्याला पत्ता लागत नाही, म्हणून दर रविवारी रात्री सगळी सूची नव्याने तयार होते.

एवढं करून ‘विहीर’ शोधलं. सतरा लेख आले. मावशींचा त्यांत नव्हता.

खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटलं, गेला. मग उलटा प्रश्न विचारला : ज्यांच्या मजकुरात एकही देवनागरी अक्षर नाही असे लेख किती? चाळीसच्या वर निघाले. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण जे फॉन्ट वापरायचो त्यांत पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची इंग्रजी अक्षरं. पुढे सगळं बदलून घेतलं तेव्हा हे लेख राहून गेले होते. ते उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते, म्हणून कोणी वाचत नव्हतं आणि कोणी तक्रारही करत नव्हतं. अक्षराला अक्षर लावणारा तक्ता करून ते बदलले. जोडाक्षरं दोन स्वयंसेवकांनी डोळ्यांनी तपासली. नवव्या लेखाचं नाव होतं ‘रहाटाचा आवाज’.

तोवर दिवसकार्य होऊन गेलं होतं. ताईंना दुवा पाठवला, तासाभराने फोन आला. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तिसऱ्या परिच्छेदात आजीचं नाव चुकलंय. मावशी असती तर तिने तुम्हाला पत्र लिहिलं असतं.” बदलताना एका वेलांटीची गडबड झाली होती. त्यांच्याशी बोलता बोलताच दुरुस्त केली, साठवलं आणि नव्या नावाने शोधून पाहिलं. लेख आला.