घावाचा जोर पायांत



बांधावरची वाळलेली बाभूळ तोडायला घरातले दोघे लागतात. विशीतला, भरल्या दंडाचा पोरगा घामाघूम होतो, पण ढलपी निघत नाही. साठीचे आजोबा सावकाश घाव घालतात आणि खोड हलते. आपण म्हणतो, त्यांचा हात बसलेला आहे. खरे म्हणजे त्यांचे पाय बसलेले असतात!

घरी एक प्रयोग करा. खाटेवर पाय अधांतरी सोडून बसा आणि हातातली काठी जोराने आडवी फिरवा. मग अंगणात पाय रोवून तीच काठी फिरवा. आता ती सप्‌कन वाजेल. दंड तेच, काठी तीच. मग जोर आला कोठून? जमिनीतून. पायाने आपण जमीन जेवढी रेटतो, तेवढीच ती आपल्याला उलट रेटते.

गोल्फ नावाच्या खेळात काठीने चेंडू अडीचशे मीटरपलीकडे मारतात. खेळाडूंच्या पायाखाली दाब मोजणारी यंत्रे ठेवून शास्त्रज्ञांनी पाहिले, तर फटक्याच्या वेळी जमिनीवरचा दाब माणसाच्या वजनाहूनही वाढतो. पाय सरकू नये म्हणून त्यांच्या बुटांचे तळ जमिनीला पकड घेणारे असतात.

आडवा घाव घालताना पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे थोडे सैल ठेवा. कुऱ्हाड मागे नेताना भार मागच्या पायावर घ्या. घाव घालताना आधी भार पुढच्या पायावर आणा, मग कंबर वळू द्या, मागोमाग खांदे आणि शेवटी हात. हात आधी धावले, की घाव पोकळ जातो आणि कमरेत उसण भरते.

जागा कोरडी, सपाट असावी. कुऱ्हाडीचा दांडा घट्ट आहे ना, ते पाहा. पोराबाळांना लांब ठेवा.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला निसरड्या बांधावर उभा राहून मी असाच घाव घातला. पाय सरकला, सगळा हिसका पाठीला बसला. ऐन पेरणीत आठ दिवस अंथरुणावर काढले.

बैल अडला तर शेजाऱ्याचा मागता येतो. कंबर मात्र कोणी उसनी देत नाही. घरातल्या तरुणांना हे आजच दाखवा.