द्यूताध्यक्षाचा वारस

मांडवीतल्या जहाजावर पत्ते वाटायचे काम शिकणाऱ्याला समाज सरसकट ‘जुगारी’ ठरवतो. हा शिक्का अन्यायाचा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. बहुतेक जुगारी कपटीच असतात असे गृहीत धरून शुद्ध फासे व कवड्या पुरवण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे. ते बदलणाऱ्यास १२ पण दंड. जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावेत, फाशांचे भाडे, जागेचे आणि पाण्याचेही पैसे (होय, पाण्याचेही!) वेगळे.

आजचा डीलर अधिकारी नव्हे, पगारी नोकर; पण निर्मळ खेळाची राखण तीच. रुलेटच्या एका आकड्यावरील पैजेला ३५ पट हा हिशेब त्याला क्षणात मांडावा लागतो. टेबल सोडताना रिकामे तळवे उलटसुलट करून तो छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवतो. सर्वांत कडक पहारा त्याच्यावरच, आणि नावेही त्यालाच!

कौटिल्याने द्यूताला व्यसनांतच गणले, तरी पट राखणाऱ्याचे कर्तव्य स्पष्ट लिहिले. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.